भिंतीतलं दार

शहरातल्या दुकानांत मधाच्या बाटल्या पोचवून थोरली घरी आली, तर रस्त्याकडची भिंत गुळगुळीत झालेली. नवाकोरा, ओला सिमेंटचा गिलावा. आणि जिथे मधमाशांचं भोक होतं, तिथे मुठीएवढा माशांचा घोळका लोंबत होता. पायांना पिवळे पराग लावून परतलेल्या माशा दार शोधत गिलाव्यावर फिरत होत्या, नि काही तर त्यातच चिकटून फडफडत होत्या.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घराची भिंत मातीची, हातभर जाड. तिच्या पोटात कोनाडा, कोनाड्यात मोहोळ. माशांनी बाहेरच्या भोकातून ये-जा करायची. माणसानं आतून, थोरलीच्या खोलीतून, फळी काढून मध घ्यायचा. फळीजवळची दोन पोळी आपली, बाकीची माशांची. ही वडिलांची रीत. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी परतली, वडील गेले, आणि मग याच रीतीवर घर चाललं. तिचं बघून गावातल्या चार बायकांनी आपापल्या भिंतींत कोनाडे कोरले. त्याही आता कोणापुढे हात पसरत नव्हत्या.

"भोक कोणी बुजवायला सांगितलं?" तिनं गवंड्याला विचारलं.

गवंड्यानं थापी धुण्यात असं काही मन घातलं, की जणू उद्या त्या थापीचंच लग्न होतं.

भाऊ आत पडदे लावत होता. थोरली त्याच्यावर तुटून पडली. "तुझ्या डोळ्यांत खुपत होत्या ना माशा? झालं समाधान?"

"अगं, मला वाटलं तूच सांगितलंस," तो स्टुलावरूनच म्हणाला.

"त्याच्यावर कशाला ओरडतेस?" आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "मी सांगितलं. आज धाकटीला बघायला माणसं येतायत. माशा दिसल्या की विचारतील, कोणाच्या? मग तुझं निघेल. ही इथे का, नवरा कुठे... पाहुणे गेले की फोड ना परत."

"तोवर आत काय उरेल? कोंडल्या की उकडून मरतात त्या. वडिलांबरोबर जन्म काढलास तू. माहीत नाही असं म्हणू नकोस."

आईनं मान फिरवली. तिला माहीत होतं. म्हणूनच तर थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती. ही तर स्वतःची आई.

खोलीत धाकटी नवे कपडे घालून बसली होती. थोरलीनं फळीला कान लावला. रोजची संथ गुणगुण नव्हती. आत नुसता कल्लोळ होता, आणि फळी हाताला गरम लागत होती.

"ताई, केव्हापासून असाच आवाज येतोय," धाकटी म्हणाली.

"आणि तू ऐकत बसलीस? तुझं शिक्षण कोणाच्या जिवावर झालं गं?"

"आई म्हणाली, एक शब्द बोलायचा नाही."

"वा! सगळ्या घरानंच मूग गिळलेत!"

ती बाहेर आली, गवंड्याच्या पेटीतून छिन्नी-हातोडा उचलला आणि घाव घालायला लागली. घोळका उठला, दोन-तीन माशा तिच्या मनगटाला डसल्या. तिनं हात थांबवला नाही. आई मागून ओरडत आली, "अगं, कोपऱ्यावर आले ते! लाज काढणार आहेस का माझी?"

ढेकूळ निखळलं. आतून गरम वाफ आली, मेणाचा वास आला, आणि पाठोपाठ माशा. पहिल्या आल्या त्या मेलेल्यांना ओढत. बऱ्याच मेल्या होत्या. पण मागून येणाऱ्या थांबत नव्हत्या, आणि बाहेरच्या आत घुसत होत्या. थोरलीला रडू फुटलं, आणि रडतानाही ती रागानंच भोक मोठं करत राहिली.

तेवढ्यात गाडी थांबली. मुलाची आई उतरली आणि गिलाव्यानं माखलेल्या या बाईकडे बघत तिथेच उभी राहिली.

आई लगबगीनं पुढे झाली. "या, या. ही... ही शेजारची. वरकामाला येते."

थोरलीनं हातोडा खाली ठेवला.

"शेजारची नाही. मी थोरली मुलगी. नवऱ्याला सोडून आलेय, माशा पाळते, नि हे घर त्याच माशांवर चालतं. आत यायचं तर या, परत जायचं तर जा. पण आधी बाजूला व्हा. तुम्ही त्यांच्या वाटेत उभ्या आहात."

पाहुणीनं भोकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि निमूटपणे एक पाऊल बाजूला सरकली.