मोज्यातली शिवण

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण माझ्या शिवणीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. माझ्या हातचा कपडा अंगाला टोचत नाही असं गिऱ्हाइकं सांगतात, आणि मी ‘असू दे, असू दे’ म्हणत ते पुरेपूर ऐकून घेते. म्हणूनच धाकट्या भावाचा मोजा ढिला झालेला दिसला तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? मोजा म्हणजे शेवटी कापडच ना!

भाऊ सलूनमध्ये केस कापायचा. अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला आणि हॉस्पिटलमधून तो सरळ माझ्याकडे आला. त्याचं लग्न झालेलं नाही, माझा नवरा वारलेला. आमचं भांडण सोडवायलाही घरात तिसरं माणूस नाही. रेडिओच्या आवाजावरून, चहातल्या साखरेवरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून आम्ही रोज कडाकडा भांडायचो. खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सलूनच्या मालकाने त्याची खुर्ची राखून ठेवली होती. तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, “दिवसभर उभं राहता आलं की ये. पण महिनाअखेरपर्यंत काय ते सांग. रिकामी खुर्ची दिसली की गिऱ्हाईक दारातूनच परत जातं.” सलूनच्या वरची खोलीही तो भावाला द्यायला तयार होता.

नवा पाय बसला तेव्हा भाऊ खुशीत होता. उरलेल्या पायाला तो ‘खुंट’ म्हणायचा. खुंटावर आधी मोजा चढवायचा, मग तो नव्या पायाच्या वरच्या वाटीत बसवायचा. सूज उतरत गेली तसा खुंट बारीक झाला आणि मोज्याच्या टोकाला चुण्या पडायला लागल्या. मी सगळे मोजे घेतले, टोकाशी जादा कापड आत दुमडून बारीक टीप मारली आणि त्याच्यापुढे ठेवले.

“वा! आता या मोज्याला खिसाही लाव,” तो म्हणाला.

तेव्हापासून त्याला दुखायला लागलं. संध्याकाळी पाय काढला की खुंटाच्या टोकाला लालभडक रेघ दिसायची. आम्ही पाय बनवणाऱ्या केंद्रात गेलो. तिथे तपासताना प्रत्येकाला पाकिटातला कोरा मोजा घालायला देतात. भाऊ दोन दांड्यांच्या मधून व्यवस्थित चालून दाखवायचा. तिथला कारागीर लाल रेघ निरखायचा, वाटीला आत कुठे उंचवटा असेल म्हणून थोडी घासून द्यायचा. घरी येऊन माझा मोजा घातला की पुन्हा तेच.

“इथे तर छान चालता,” कारागीर एकदा म्हणाला. “जरा मन घट्ट करा.”

भाऊ घरी येईपर्यंत धुमसत होता. “माझ्या डोक्यातच बिघाड आहे असं वाटतंय त्याला!” मीही त्या कारागिराला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुढच्या गुरुवारी आम्ही परत गेलो. भाऊ कोरा मोजा चढवायला आत गेला. बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मोज्याचं भोक घरीच शिवून आणलं होतं. कारागिराने तो हातात घेऊन मान हलवली. “आजी, हे काढून टाका. आत एक गाठसुद्धा चालत नाही. चपलेत खडा घालून दिवसभर चालाल का?”

मला माझी बारीक टीप आठवली. मग कारागीर आत गेला. भाऊ दांड्यांच्या मधून चालत होता आणि कारागीर त्याला सांगत होता, “आता आणखी घासलं तर वाटी ढिली होईल.” मी उठून एक वाक्य बोलायचं होतं. पण माझी टीप, आणि ती टोचते, हे त्या बाईंसमोर माझ्या तोंडून निघेना. घरी जाऊन गुपचूप उसवू, कुणाला कळणारही नाही, असं मी ठरवलं.

घरी आल्यावर ब्लेड घेऊन बसलेही. पहिला टाका उसवणार तेवढ्यात आतून भाऊ म्हणाला, “ताई, नाहीच जमला हा पाय तर मी इथेच राहतो. कुबड्या घेऊन घरातल्या घरात तर फिरता येतं. तुझी काजं-बटणं करीन.”

माझा हात थांबला. मी मोजा घडी करून परत कप्प्यात ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी तोच मोजा मी त्याच्या हातात देत होते. तो ओठ दाबून पाय घालायचा आणि मी मशीनवर मान खाली घालून बसायची. उद्या सांगू, उद्या सांगू असं म्हणत होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आवडीची भाजी करत होते. इतकं हलकं मी कधी वागले नव्हते.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी तो फोन घेऊन बसला. “मालकाला सांगून टाकतो, खुर्ची दुसऱ्याला दे म्हणून.”

“थांब,” मी म्हणाले. “पायात काही खोट नाही. मोज्यातली माझी टीप लागतेय तुला.”

त्याने मोजा उलटा केला आणि टिपेवरून अंगठा फिरवला. “कधी कळलं तुला?”

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. “मागच्या गुरुवारी. केंद्रातच.”

“शनिवारी मी जिन्यात बसलो होतो. हवा खातोयस का, असं तू विचारलंस.” त्याचा आवाज चढला नाही. “मी रडत होतो, ताई.”

मी मोजा घ्यायला हात पुढे केला, त्याने तो सोडला नाही.

“का गं?”

“तू गेला असतास.”

“जाणारच होतो. पण येणारही होतो ना.”

त्याने माझ्या मशीनवरचं ब्लेड उचललं. रोज वस्तरा चालवणारा हात तो, विणीचा एक धागा न तुटता अख्खी टीप निघाली. एकेक करत सगळे मोजे त्याने उसवले. मी “दे इकडे, मी करते” म्हणाले, तर त्याने मान वर केली नाही.

केंद्रात मी स्वतः जाऊन कारागिराला सांगितलं. तो रागावलासुद्धा नाही. लहान मापाचे मोजे त्याच्या कपाटात होतेच, मागायचाच काय तो अवकाश होता. घासलेली वाटी त्याने नवी करून दिली. नवा पाय घालून भाऊ खोलीभर फिरला, दांडीला हात न लावता, आणि मी ज्या बाकावर बसले होते त्याच्यासमोरून सरळ दारापर्यंत गेला. मालकाने चार दिवस कळ काढली आणि खुर्ची त्यालाच मिळाली.

आता तो सलूनच्या वर राहतो. ठरल्यासारखा सुट्टीच्या दिवशी येतो, माझी औषधं आणून देतो, दिवा गेला असेल तर बदलतो. भांडत मात्र नाही. मी मुद्दाम चहात साखर जास्त घातली तरी मुकाट पितो, तोही दाराशी उभ्यानेच.

“अरे, बस ना जरा,” मी खुर्ची पुढे करते.

“नको गं,” तो म्हणतो. “आता उभं राहायला काही त्रास होत नाही.”