उकडलेली पाकिटं

पाचव्या दिवशी सकाळी मी इन्क्युबेटर उघडला आणि आतल्या सहाच्या सहा काचेच्या थाळ्या कोऱ्या करकरीत निघाल्या. एक ठिपका नाही. आमच्या पाकिटातली चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून थाळीवर पसरली, की पाचव्या दिवशी पांढुरके ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे जिवंत जीवाणूंची एकेक वस्ती. पेरताना बियाण्याला चोळले की हे जीवाणू वाटाण्याच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतलं नत्र ओढून रोपाला देतात. ते असले की नत्राचं खत घालावं लागत नाही. ते मेलेले असले, तर पाकीट विकत घेणाऱ्याने नुसती काळी भुकटी विकत घेतलेली असते.

मी तडक भरणीच्या खोलीत गेले. "काका, या मालाचं काय केलंत?"

काका आमच्याकडे वाफेचं मोठं यंत्र सांभाळतात. सगळे त्याला कुकर म्हणतात. भुकटी आधी त्यात उकडायची, म्हणजे तिच्यातले नको ते जंतू मरतात. ती गार झाली की तिच्यात आपले जीवाणू घालायचे आणि पाकिटं बंद करायची.

"तू रजेवर होतीस," काका खाली बघत म्हणाले. "मोठं गिऱ्हाईक आलं होतं. त्याला एका पाकिटात बुरशी दिसली. मग तुझ्या दादाने भरलेली पाकिटंच कुकरला लावायला सांगितली."

"भरलेली? आणि तुम्ही लावलीत?"

"मी म्हटलं त्याला. तो म्हणाला, मालक कोण आहे?"

माझं टाळकंच सटकलं. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ. कारखाना त्याचा, प्रयोगशाळा माझी. त्याच्या टेबलावर नव्या लेबलांचा गठ्ठा होता. जीवाणूंच्या पाकिटावर छापलं होतं, 'शंभर टक्के जंतुमुक्त'. इतकं खरं लेबल आमच्या कारखान्यातून आजवर बाहेर पडलं नव्हतं.

"अरे, तू अंडी उकडून कोंबडीखाली ठेवलीस!" मी ओरडले.

"हळू बोल. बाहेर माणसं आहेत." त्याने दार लोटलं. "झालं ते झालं. तीनशे पाकिटं गेली. आता परत मागवली तर कारखान्याची अब्रू जाईल. उगवण तर होईलच ना? मुळं उपटून कोण बघतंय?"

"मी बघते."

"बघ की. पाकिटावर सही कोणाची आहे?"

त्याने मला बरोबर पकडलं. थाळ्यांचा निकाल यायला पाच दिवस लागतात आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही. म्हणून भरणीआधीच जीवाणूंचा द्रव सूक्ष्मदर्शकाखाली ठीक दिसला की मी लेबलांवर सही करून मोकळी होते. नऊ वर्षं हेच चाललंय. थाळ्या कधी कोऱ्या निघाल्या नाहीत, त्यामुळे ही सवय म्हणजे आपली हुशारी आहे असं मला वाटायला लागलं होतं.

"मामांनाही हाच माल दिलास?"

"मीच पोचवला. सहा पाकिटं."

मामांनी या वर्षी वाटाण्यासाठी माझ्या शब्दावर खताचं एक पोतंही आणलं नव्हतं. मी फ्रिजमधून जिवंत जीवाणूंचा फ्लास्क उचलला. तयार असलेला तो एकच होता, नवा करायला आठवडा गेला असता.

"तो नेऊ नकोस, पुढचा सगळा माल त्यातून काढायचाय!" दादा मागे धावला.

"कशाला? उकडायला?"

रस्ताभर मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहत होते. आईमागे आम्हा दोघांना मामांनी वाढवलं, आणि हा त्यांनाच मेलेला माल देऊन वर अब्रूच्या गोष्टी करतो!

मामा बांधावर पाइप जोडत होते. वाटाण्याचे कोंब नुकते वर आले होते. मी सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा. ते चिडले नाहीत, त्याचा मला आणखी राग आला.

"हे जीवाणू पाण्यातून आत्ता सोडले तर अजून मुळांना लागतील," मी म्हटलं. "पहिल्या दोन आठवड्यांत दिलं की जमतं."

मामांनी फ्लास्क हातात घेऊन पाहिला. "आणि बाकीच्यांना?"

"कोणाला?"

"तीनशे पाकिटं म्हणालीस. त्यातली सहा माझी. या बाटलीतून सगळ्यांना पुरेल एवढं होतं?"

"टाकीत वाढवलं तर. चार दिवस लागतात."

"मग इकडे कशाला घेऊन आलीस?" आता त्यांचा आवाज चढला. "माझी भाची कारखान्यात आहे म्हणून? ज्यांचं तिथे कोणी नाही, त्यांनी काय करायचं?"

दादा अब्रू वाचवत होता आणि मी मामांना. काय मोठा फरक होता! स्वतःचीच इतकी चीड आली, की मी फ्लास्क परत घेतला आणि गाडी वळवली.

कारखान्यात फ्लास्कमधले जीवाणू टाकीत वाढायला सोडून मी दादाच्या टेबलाशी बसले आणि माल कोणाकोणाला गेला ती यादी पुढे ओढली. पहिला नंबर लावला. दादाने फोनसाठी हात पुढे केला, तो मी झटकला. पलीकडच्या माणसाला माझं नाव सांगितलं, पाकिटं मेलेली आहेत हे सांगितलं, चार दिवसांत नवा माल फुकट पोचवते असं सांगितलं. त्याने मला पोटभर शिव्या दिल्या.

मग तो म्हणाला, "बाई, तेव्हाही पाकिटावर तुमचीच सही होती. आता खरं बोलताय, हे मी कशावरून मानू?"