पाण्याला सुट्टी

इकाच्या खोऱ्यात पाऊस मोजत बसायचं कारण नाही, तो पडतच नाही. इथे विहिरी मोजतात. आमच्या गावची पिण्याच्या पाण्याची विहीर मी मोजते. दर गुरुवारी, गेली एकवीस वर्षं. टेपला खडू चोळायचा, ती खाली सोडायची, वर ओढून भिजलेला भाग वजा करायचा. बावन्न मीटरवर तळ आहे. या वर्षी पाणी एकोणपन्नासला गेलं होतं. म्हणजे उरलं तीन मीटर, आणि पिणारी घरं दोनशे.

तीस वर्षांचा पाणी आराखडा करायला खात्याचे इंजिनियर लिझारागा आले, तेही नेमके कधी? जत्रेच्या पाचव्या दिवशी!

जत्रेचे पाच दिवस आमच्याकडे पाण्याला सुट्टी असते. घरोघरी पिंपं आधीच भरून ठेवायची आणि पंपाला हात लावायचा नाही. वरच्या अंगाचे द्राक्षमळेसुद्धा बंद, कारण मजूर सगळे जत्रेत. वर्षभर उपसून खोल गेलेलं पाणी तेवढ्या दिवसांत जरा वर येतं. ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची आमच्या लोकांना भारी हौस.

"साहेब, पुढच्या गुरुवारी या," मी म्हटलं. "आज मोजलंत तर फसाल."

"सोराइदाताई, पंप बंद असतानाच मोजायचं, असा नियम आहे."

"एक रात्र बंद ठेवा ना! पाच दिवस अख्खं खोरं बंद आहे, साहेब."

"किती दिवस ते नियमात नाही."

पाणी समितीचे अध्यक्ष एलेउतेरिओकाका मध्ये पडले. "अगं, त्यांना दोन घास जेवू तरी दे! पाहुण्यांसमोर आपल्याच विहिरीची अब्रू काय काढतेस?"

"काका, या आकड्यावर वरच्या अंगाला नव्या विहिरींचे परवाने देणार आहेत."

"आपलं पाणी वर आलंय ते तुला बघवत नाही का?"

मी टेप सोडली. त्रेचाळीस! लोक टाळ्या पिटायला लागले, कुणी म्हणालं संत पावला. मला इतका संताप आला की टेप तशीच खाली टाकून द्यावीशी वाटली. पण आकडा खोटा नव्हता, मीच तर मोजला होता. मोजणाऱ्याच्या रकान्यात सही केली आणि खाली लिहिलं, 'पाच दिवस सर्व पंप बंद होते.'

"लिहा की," साहेब म्हणाले, आणि जेवायला बसले.

छापील आराखडा आला तेव्हा त्यात आकडा होता, माझी सही होती, खालची ओळ गायब. वरच्या अंगाला तीस नव्या विहिरी मंजूर. मी कचेरीत जाऊन भांडले. खिडकीतल्या बाईनं सांगितलं, दुरुस्ती पाच वर्षांनी.

आठच महिन्यांत आमचा पंप नुसती हवा ओकायला लागला. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. मग एका सकाळी एलेउतेरिओकाका टोपी हातात घेऊन दारात उभे.

"मोठ्या मळ्याच्या नव्या विहिरीचं उद्घाटन आहे. बाटली फोडायला धर्ममाता म्हणून तुझं नाव घातलंय त्यांनी. तुझ्या सहीनं परवाना मिळाला म्हणे."

"हे सांगायला तुम्ही आलात? लाज नाही वाटली?"

"वाटली. दोनदा माघारी गेलो." त्यांनी मान वर केली नाही. "पण धर्ममातेनं त्या दिवशी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. पोरी, गावासाठी पाणी माग."

मी गेले. इस्त्रीचा झगा घालून गेले. रिबीन बांधलेली बाटली नव्या कठड्यावर फोडली, फोटोसाठी हसले. विहीर एकशे वीस मीटर खोल होती. आमच्या तळाच्याही खाली कुठल्या कुठे गेलेली. मग मळेवाल्याकडे दोनशे घरांसाठी रोज एक टँकर पाणी मागितलं.

"एवढंच ना, ताई?" तो मोठ्या मनानं म्हणाला. "घेऊन जा!"

आणि मला त्याचे आभार मानावे लागले.