काकूंचा उलटा शर्ट

मित्रांनो, मी व्यायामाची एक जुनी सायकल आहे. मला एकच चाक, तेही जमिनीला न टेकणारं. आजवर हजारो मैल चालले, पण जागची वीतभरही हलले नाही!

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग निळाशार होता. आधी एका घरात गेले. चार दिवस कौतुक झालं, मग माझ्या दांडीवर टॉवेल वाळू लागले. बरीच वर्षं धूळ खाल्ल्यावर त्या घराने मला एका उपचारकेंद्राला देऊन टाकलं. तिथल्या ताई पक्षाघात झालेल्या माणसांकडून व्यायाम करून घेत. त्यांनी माझ्या साखळीला तेल दिलं, पायडलांना पट्टे लावले आणि मला खिडकीपाशी उभं केलं.

एके दिवशी तिथे शिवणकाकू आल्या. चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या काकूंची उजवी बाजू पक्षाघाताने लुळी पडली होती. त्यांचे यजमान, म्हणजे काका, त्यांना हाताला धरून आणत. दोन महिन्यांत काकूंचा पाय माझ्यावर बरा फिरू लागला. घरातही त्या काठी टेकत चालू लागल्या. पण चालताना कुणी हाक मारली की लक्ष तिकडे जायचं आणि पाय अडखळायचा. अशाच एकदा त्या दारात पडल्या. तेव्हापासून त्या उठल्या की काका सगळ्या घराला गप्प बसवत.

"असं किती दिवस चालणार?" ताई म्हणाल्या. "पाय आणि डोकं एकदम चालवायला हवं. काकू, पायडल मारत शंभरातून तीन-तीन वजा करा."

सत्त्याण्णव झाले, चौऱ्याण्णव झाले आणि माझं चाक थांबलं. रोज तेच. चौथ्या दिवशी काकूंना रडू फुटलं.

"डोक्याचं पार भुसकट झालंय माझ्या!"

ताई स्टूल ओढून शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "वजाबाकी राहू दे. शर्ट कसा शिवतात ते सांगा. पण शेवटाकडून हं."

काकूंनी डोळे पुसले. "बटणं," त्या म्हणाल्या. पायडल फिरलं. "त्याआधी काजं. त्याआधी... खालची दुमड."

चाक अडखळलं, पण थांबलं नाही. आठवडाभर काकू बाह्यांपाशी अडकत होत्या. मग कॉलर आली, खांदे आले. एकदा चिडून त्यांनी काठी फेकली. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेआधी हजर! शेवटी एका सकाळी त्या कापड बेतण्याच्याही मागे, मापांपर्यंत पोचल्या.

काका मुद्दाम म्हणाले, "माझी कंबर तीस धर."

"तीस? अहो, तीस लग्नात होती! आता बेचाळीस, आणि तीही पोट आत घेऊन!"

ताई हसता हसता माझ्या चाकाकडे बोट दाखवू लागल्या. ते फिरतच होतं. काकांनी चष्मा काढला आणि ते तो उगाचच पुसत बसले.

काकूंचा उजवा हात अजून पुरता वळत नाही. शिवायला बसल्या तरी काजं सून करते. पण काकू आता गप्पा मारत दुकानापर्यंत चालत जातात. दर बुधवारी त्या इथे येतात आणि माझ्यावर बसलेल्या एका गवंडीदादांना विचारतात, "हं, भिंत वरच्या विटेपासून सांगा."

मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल, तर नुसतं "व्यायाम करा" म्हणून निघून जाऊ नका. स्टूल ओढून शेजारी बसा. त्यांच्या कामातलं काहीतरी विचारा. उत्तराला वेळ लागेल, तो लागू द्या. शब्द तुमच्या ओठांवर आला, तरी त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्या.