अर्धं दावं

मी एक जुना दोर आहे. जनावर खुंट्याला बांधायच्या दोराला आमच्या वऱ्हाडात दावं म्हणतात. मित्रांनो, माझी गोष्ट सलग नाही, कारण मी स्वतःच सलग नाही. एका जागी मला चावलं आहे, एका जागी गाठ आहे, एका जागी विळ्याने कापलं आहे. मी जिथे तुटलो तिथे गोष्टही तुटेल. तेवढं सांभाळून घ्या.

पूर्णेच्या काठी एका गावात, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी अंबाडीचं झाड म्हणून उभा होतो. पानं भाजीला गेली. ताटं नदीच्या पाण्यात कुजत पडली. मग पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्याने त्यांच्या सालीचा वाख सोलला आणि मांडीवर वळून वळून माझा तीन पेडांचा दोर केला. त्याच्या घरचा पहिला बैल मीच बांधला. तो बैल आल्यावर घराला बरकत आली, असं सगळे मानत. पुढे बैल विकला. मला मात्र विकलं नाही. आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात.

पुंजाराम गेला. त्याचा मुलगा नत्थुजी कर्ता झाला. आणि मग ती कापसाची वर्षं आली.

सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली होती. तिकडचा कापूस अडला म्हणून विलायतेला आमचा कापूस हवासा झाला, असं बैलबंडी हाकणारे बंडीवाले सांगत. ज्वारीची शेतं मोडून लोकांनी कापूस पेरला. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवापुढेही कापूस. बैलांना नवे रंगीत कासरे आले. मी खुंटीवर चढलो. पोळ्याला नत्थुजी मला हळद-कुंकू लावायचा आणि पाहुण्यांना दाखवायचा, "हे पाहा, आमची लक्ष्मी."

एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. खरं सांगायचं तर तो माझा नव्हताच.

एकदा नत्थुजीची बायको मैनाबाई बंडीबरोबर अमरावतीच्या बाजारात गेली. येताना तिच्या पदरात एक कुत्री होती. मांजरापेक्षा थोडी मोठी, काळ्या कानांची. बाजारात कापसाच्या गंजीवर चढली म्हणून हमाल तिला काठ्यांनी मारत होते. मैनाबाई मध्ये पडली होती.

"हे काय आणलं वं?" नत्थुजीने विचारलं.

"कुत्री हाय."

"ते दिसून रायलं मले. एवढीशी? हिले राखणीले ठेवू, का टोपीत घालून फिरू?"

"चार दिवस राहू द्या. चांगलं घर भेटलं की देऊन टाकू."

घरात दुसरा मोकळा दोर नव्हता, सगळे कापसाच्या बोऱ्यांना लागले होते. म्हणून मैनाबाईने मला खुंटीवरून काढलं. नत्थुजी ओरडला, "कावं, लक्ष्मीनं कुत्रं बांधतेस का?" पण तेवढ्यात कुत्री तिसऱ्यांदा देवापुढच्या कापसात शिरली आणि त्यानेच खुंट्याकडे बोट केलं.

मित्रांनो, मी बैल बांधले होते. बैल ओढतो, थकतो, बसतो. ही बसेचना. खुंट्याभोवती गोल गोल पळायची, मी पूर्ण गुंडाळला गेलो की तोंड वर करून भुंकायची, आणि मग उलटी पळायची. पायाला भिंगरी लागल्यासारखी. मैनाबाईने तिचं नावच भिंगरी ठेवलं. एका दुपारी तिने मला चावायला घेतलं आणि

इथे माझा वीतभर तुकडा नाही. तो भिंगरीने खाल्ला. त्या तुकड्याला जे आठवत होतं तेही गेलं. मैनाबाईने दोन टोकं जोडून गाठ मारली. गाठीच्या अलीकडे भिंगरी तिच्यापासून हातभर लांब बसते. गाठीच्या पलीकडे ती तिच्या मांडीवर झोपलेली आहे. मधे काय झालं ते मला सांगता येत नाही.

व्यापाऱ्याचा माणूस गावात येऊन कापसात कोपरापर्यंत हात घालून बघायचा. त्या वर्षी त्याच्या मुठीत, भावासाठी राखलेल्या गेल्या सालच्या कापसाबरोबर, कुत्र्याचे केस आले. त्याने ते नत्थुजीच्या हातावर ठेवले आणि माल न घेता भरलेली बंडी दारातून परत फिरवली. सगळ्या गावादेखत.

त्या दिवशी नत्थुजी ओरडला नाही. म्हणून मैनाबाई जास्त घाबरली. तो म्हणाला, "मैने, यंदाची सीतादई होईस्तोवर हे कुत्रं गेलं पायजे. नाई गेलं तर मी बोऱ्यात घालून पूर्णेत सोडतो."

सीतादई म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. बाया धुऱ्यावर दहीभात ठेवतात आणि मग बोंडाला हात लावतात. तिला पंधरा दिवस उरले होते.

मैनाबाई दारोदार फिरली. कोणी म्हणे, मादी नको, पिल्लं होतात. कोणी म्हणे, लहान आहे, चोर हसतील. ज्याच्या त्याच्या घरात कापूस होता. शेवटी अंजनगावची पार्बताबाई तयार झाली. आठ कोसांवर तिचा पानमळा होता. मळ्याच्या काटक्यांच्या कुडाखालून घुशी शिरायच्या आणि वेलांची मुळं पोखरायच्या. मोठं कुत्रं वेल तुडवतं. तिला लहान, चपळ, एका जागी न बसणारंच हवं होतं. भिंगरीला याहून चांगलं घर सापडलं नसतं.

मैनाबाईने तिला सुतळीने बांधून बंडीत दिलं. मला तिने, रीतीप्रमाणे, खुंट्यालाच ठेवलं.

चौथ्या दिवशी भिंगरी परत आली. सुतळी तोडून, आठ कोस चालून. पुन्हा पाठवली. पुन्हा आली. या खेपेला तिचा एक कान फाटला होता, वाटेत गावोगावच्या कुत्र्यांनी धरलं असावं. तळपाय सोलले होते. ती मैनाबाईकडे गेली नाही. थेट खुंट्याशी आली, मला पायांनी ओढून गोळा केलं, आणि माझ्यावर अंग टाकून झोपली.

तेव्हा मला कळलं. मला वाटायचं, दोर बांधतो तेव्हाच बांधतो. मी रिकामा पडलेला असतानाही ती मलाच बांधलेली होती.

पार्बताबाईलाही ते कळलं. सीतादईच्या आदल्या दिवशी सकाळी ती स्वतः पानांच्या बंडीत बसून आली. अंगणात उभं राहून तिने भिंगरीला झोपलेलं पाहिलं आणि म्हणाली, "मैनाबाई, कुत्री नेतो मी. पण हे दावं पायजे."

नत्थुजीने बोरा हातात घेतला. आदल्या दिवसापासून तो त्याने दाराशी काढून ठेवला होता.

"काय मांगतेस, बाई?" तो म्हणाला. "माह्या घरची लक्ष्मी मांगतेस?"

"मी दोर मांगून रायली. लक्ष्मी तूच ठेव, मले काय करायची? मले घुशी मारायच्या हाय."

"बापाच्या हातचं दावं हाय ते! याच दाव्यावर हे घर उभं हाय."

"मंग घर फार बारीक खांबावर उभं केलं, नत्थुजी."

शेजारची गंगूबाई कुडावरून हसली. नत्थुजीला ते हसणं लागलं. त्याने बोऱ्याचं तोंड उघडलं आणि भिंगरीकडे निघाला.

मैनाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात विळा होता. एका हाताने तिने मला मधोमध धरलं. मला वाटतं तिलाही त्या लक्ष्मीचं भय होतं. तिचा विश्वास नसता तर तिने मला सबंध देऊन टाकलं असतं.

"अर्धी लक्ष्मी तुमाले राहू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "अर्धीत भागवू आपण."

आणि तिने विळा ओढ

मी इकडचा अर्धा. भिंगरीच्या गळ्याशी होतो तो. खुंट्याला राहिलेला अर्धा काय सांगेल ते मला माहीत नाही. त्यानंतर त्या अंगणात काय झालं, नत्थुजीने हात उगारला की बोरा खाली टाकला, ते त्यालाच विचारावं लागेल. मी बंडीत होतो. भिंगरीने मागे वळून पाहिलं नाही. तिने मला तोंडात धरलं होतं.

पानमळ्यात मला कुडाला बांधलं. भिंगरी दिवसभर कुडाभोवती पळायची, दमली की माझ्याखाली येऊन पडायची. पहिल्याच आठवड्यात तिने तीन घुशी मारल्या. पार्बताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माही कोतवालीण हाय हे." भिंगरीला घर मिळालं होतं. मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं.

पुढच्या वर्षी ती दूरची लढाई थांबली. विलायतेला तिकडचा कापूस पुन्हा मिळू लागला आणि आमच्या कापसाचा भाव कोसळला. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत सगळ्यांचाच. पण मैनाबाईच्या गावाने लढाई पाहिली नव्हती. गावाने विळा पाहिला होता.

सूर्यभान नावाचा बंडीवाला तिकडून पानं न्यायला आला, तेव्हा पार्बताबाईने मैनाबाईची खुशाली विचारली.

"तिचं काय सांगू," तो म्हणाला. "मैनाबाईनं लक्ष्मी कापली म्हून भाव पडला म्हणतात. बाया तिच्यासंगं पान्याले जात नाई. यंदा सीतादईले तिच्या हातचा दहीभात धुऱ्यावर ठेवू देला नाई कोनी."

"अन् नत्थुजी?"

"तो बोलतच नाई तिच्यासंगं. पोळ्याले अर्ध्या दाव्यापुढे बसून रायते."

पार्बताबाईने उठून मला कुडावरून सोडलं. मैनाबाईवरचा आळ जावा म्हणून मला परत पाठवायचं तिच्या मनात होतं, हे तिच्या बोटांवरून मला कळलं. भिंगरीही उठली. तिने अंग झटकलं, बंडीकडे पाहिलं, आणि माझं लोंबतं टोक तोंडात धरून निघायला तयार झाली. तो फाटका कान, ते तळपाय. पार्बताबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने मला पुन्हा कुडाला बांधलं. गाठ नेहमीपेक्षा जास्त घट्ट मारली.

"सूर्यभान," ती म्हणाली, "तिले सांग, कुत्री खुशाल हाय."

आता माझा वाख सुटत चालला आहे. मित्रांनो, कोणाकडून जनावर आणाल तेव्हा त्याच्या अंगाखालचा एखादा दोर, एखादं फडकं मागून आणा. त्याला घर लवकर ओळखू येतं. आणि ज्या बाईने ते दिलं, तिच्या गावी एकदा जाऊन या. चार माणसांत सांगा की दोर कापल्याने कोणाचं नशीब तुटत नाही. मी दोर आहे. माझं कोणी ऐकणार नाही, आणि मला चालता येत नाही. तुम्हाला येतं.