सोडाल तिथे थांबणारं झाकण

आमच्या कंपनीच्या लॅपटॉपचं झाकण एका बोटाने उघडतं आणि सोडाल तिथे थांबतं. या एका गोष्टीचा आम्हाला भारी माज. बिजागऱ्यांचं काम माझ्याकडे, त्यामुळे सगळ्यांत जास्त माज मला.

मग निम्म्या किमतीचे लॅपटॉप बाजारात आले. आम्ही नाकं मुरडली. गिऱ्हाइकांनी मात्र आमच्याकडे पाठ फिरवली आणि आमचा शेअर घसरायला लागला. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने, दादाने, निवृत्तीचा बहुतेक सगळा पैसा याच शेअरमध्ये घातला होता. माझ्या भरवशावर. "आता तरी विकून टाका," असा वहिनीचा धोशा चालू होता. "येत्या सभेत काय सांगतात ते ऐकतो, मग बघू," दादा म्हणायचा.

भागधारकांच्या त्या सभेत स्वस्त लॅपटॉपचं पितळ उघडं पाडायचं काम माझ्यावर आलं. आदल्या दिवशी मी तो टेबलावर घेतला आणि एका बोटाने झाकण उचललं. थांबलं. अगदी आमच्यासारखंच. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "उद्या थांबायला नको म्हणजे झालं," आणि चहा प्यायला निघून गेले. मी बिजागरीचे स्क्रू सैल केले. माझा हात धरून कुणी करून घेतलं नव्हतं.

सभेत मी झाकण सोडलं आणि ते धाडकन मागे आपटलं. हशा पिकला. तिसऱ्या रांगेत दादा टाळ्या वाजवत शेजारच्याला सांगत होता, "धाकटा भाऊ माझा!"

संध्याकाळी त्याने मला ओढूनच घरी नेलं. पुतणी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती. समोर तोच स्वस्त लॅपटॉप, शिकवण्या घेऊन स्वतःच्या कमाईतून आणलेला.

"आता विकायचं नाव काढू नकोस," दादाने वहिनीला बजावलं. "त्या डबड्याचं झाकण कसं आपटलं, मी या डोळ्यांनी पाहिलंय. उलट उरलेली ठेव मोडून तीही यातच घालतो."

"माझं तर नाही पडत," असं म्हणत पुतणीने एका बोटाने झाकण मागे ढकललं आणि सोडलं. ते जिथल्या तिथे थांबलं.

"आज नाही तर उद्या पडेल. विचार काकाला."

तिघंही माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दादाच्या चेहऱ्यावर माझं कौतुक अजून तसंच होतं आणि ते मला घालवायचं नव्हतं. लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

"पडेल," मी म्हणालो.

वहिनी आत गेली. पुतणीचं तोंड एवढंसं झालं. तिने दोन्ही हातांनी, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं, झाकण हळूच मिटलं.

"काका, जपून वापरलं तर टिकेल ना?"