दारातला दुसरा कप्पा

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या फ्रिजच्या दारातला दुसरा कप्पा रिकामा केला. तिथे सॉसची अर्धी बाटली, सुकलेलं लिंबू आणि कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला जुना बल्ब होता. कप्पा पुसला, खाली स्वच्छ कागद घातला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना म्हटलं, "हा तुमचा."

बाई म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. आमच्या इमारतीत सगळ्यात वर, तापणाऱ्या गच्चीच्या खाली एकट्या राहतात. त्यांना सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. त्यांचा फ्रिज बंद पडला तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं, कारण मी चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केलेत आणि सगळी इमारत मला मिस्त्री म्हणूनच ओळखते. मागून उघडून पाहिलं तर कॉम्प्रेसर गेलेला, नळ्या गंजून चाळणी झालेल्या. "बाई, याला आता हात जोडा," मी म्हणालो. त्यांच्या खोलीतला उकाडा ऐकून डॉक्टरांनी औषध थंडच ठेवा असं बजावलं होतं. म्हणून नवा फ्रिज येईपर्यंत औषध माझ्याकडे ठेवायचं ठरलं.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात, घंटा एकदाच वाजायची. बाई औषधाची कुपी काढायच्या, माझ्याकडे पाठ करून इंजेक्शन घ्यायच्या, कुपी पुन्हा जागेवर ठेवायच्या आणि जेवायला वर जायच्या. पहिले दोन दिवस उभ्याउभ्याच बोलल्या. मग खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पुढच्या आठवड्यापासून नीट मागे रेलून बसायला लागल्या. त्या पुस्तकांच्या समासात पेनाने अक्कल पाजळणाऱ्या वाचकांना शिव्या घालायच्या, मी उकळतं पातेलं तसंच फ्रिजमध्ये कोंबणाऱ्या गिऱ्हाइकांना. पंधरा-वीस मिनिटं. दिवसाकाठी एवढंच, पण मी सातच्या आत दाढी करायला लागलो.

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दुसऱ्या देशात असतो. दर रविवारी फोन करतो, "बाबा, जेवलात का?" विचारतो आणि मी 'हो' म्हणेपर्यंत त्याला दुसरा फोन येतो. त्याला बोल लावत नाही मी. पण सहा वर्षांत माझ्या दाराची घंटा वाजली ती गॅसवाल्याने, नाहीतर चुकून दुसऱ्याचं पार्सल घेऊन आलेल्याने. घरात दुसरा आवाज कुणाचा असेल तर फ्रिजचा. तो सुरू झाला की बरं वाटायचं, बंद झाला की मी मान वर करून बघायचो.

महिन्याभराने बाई म्हणाल्या, "मिस्त्री, चार दिवसांचे तीस झाले. तुम्हाला उगाच ताप. त्या स्वस्त कंपनीच्या दुकानात सेल लागलाय. तेवढं मला परवडेल. तुम्ही येता का बरोबर? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

आता नाही कसं म्हणणार? गेलो.

दुकान म्हणजे मोठं गोदामच. फ्रिज रांगेत उभे, प्रत्येकाच्या पोटावर किमतीचा पिवळा कागद. गळ्यात टाय आवळलेला विक्रेता लगेच धावत आला. त्याने काका-मावशी करत एक लाल फ्रिज दाखवला. लहान, एका दाराचा. एका माणसाला पुरून उरेल असा.

मी नेहमीप्रमाणे दारात कागद अडकवून ओढला. कागद हलेना, म्हणजे रबर पक्कं बसलेलं. फ्रिज चालू करायला लावला, मागे कान लावला. मांजर घुरघुरावं तसा संथ आवाज. आतला बर्फाचा कप्पा, तापमानाची कळ, खालचे पाय, सगळं बघितलं. मी स्वस्त कंपन्यांना जन्मभर नावं ठेवत आलोय. या लाल फ्रिजला नाव ठेवायला जागा नव्हती.

"काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर साडेसात वाजले. घंटा वाजली नाही.

"रबर ढिलं आहे," मी म्हणालो. "दोन महिन्यांत गारवा गळायला लागेल."

"काका, कालच आलाय माल!" विक्रेता म्हणाला.

"मला शिकवू नकोस. तू पाळण्यात होतास तेव्हापासून करतोय हे."

एकदा जीभ सैल सुटली की सुटली. निळ्याचा आवाज घोगरा ठरवला. करड्याची नळी पातळ. पांढऱ्याचे पाय तकलादू. बाईंनी कोपऱ्यातल्या आडव्या डीप फ्रीझरकडे बोट केलं, "हा पेटीसारखा स्वस्त दिसतोय." मी म्हणालो, "त्यात तुमचं औषध गोठून दगड होईल. गोठलेलं औषध टाकूनच द्यावं लागतं." त्या दिवशी दुकानात मी बोललेलं तेवढंच खरं होतं.

"तुम्ही होतात म्हणून बरं," बाई परत येताना म्हणाल्या, "मी तर पहिलाच उचलला असता."

नवा माल आला की कळवा, असं विक्रेत्याला सांगताना नंबर मी माझा दिला. यातलं मलाच कळतं ना! बाईंना हे पटलं. ज्या बाईंनी हयातभर कुणाला पावतीशिवाय पुस्तक दिलं नाही, त्या माझ्या शब्दावर विसंबून होत्या. मला रात्री जेवण जाईना, आणि सकाळी साडेसातला घंटा वाजली तेव्हा मी खुशाल दार उघडायला धावलो. असा मी.

पंधरा दिवसांनी दुपारी विक्रेत्याचा फोन आला. "काका, त्याच लाल मॉडेलचा नवीन लॉट आलाय. या आणि स्वतः तपासा. उद्या सेल संपतोय."

मी बाईंना काही न सांगता एकटाच गेलो. टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, तापमापक, सगळी पिशवी घेऊन गेलो. मला त्यात दोष सापडायला हवा होता. एक जरी सापडला असता, तरी मी खोटारडा ठरलो नसतो. दोन तास मी त्या फ्रिजच्या मागे गुडघ्यांवर बसून होतो. नव्या लॉटमधले सहाच्या सहा फ्रिज तपासले. विक्रेता पाणी आणून द्यायचा आणि लांब उभा राहून बघायचा. दोष सापडला नाही. एका जोडावर नख लागेल एवढीसुद्धा चूक नव्हती. कंपनी स्वस्त होती, पण ज्याने हे जोडले होते त्याचा हात चांगला होता. चिडून परत निघालो तर रस्त्यात बस बंद पडली. फोन तर घरी टेबलावर राहिला होता.

इमारतीत पोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. बाई माझ्या दाराशी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक होतं, पण उलटं.

"आलात?" त्या म्हणाल्या. "काही नाही, मी आपली हवा खात बसलेय."

जिन्यात वाऱ्याची झुळूक नव्हती. त्यांचा चेहरा घामाने थबथबला होता आणि हात लटलटत होते. इंजेक्शनशिवाय जेवायचं नाही हा त्यांचा नियम, औषध माझ्या कुलपात, आणि सकाळच्या औषधाने रिकाम्या पोटी साखर उतरत चाललेली. त्यांना माझं नाव घेऊन बोलवायलाही जमेना. "तुम्ही, तुम्ही" एवढंच म्हणत होत्या. मी कुलूप उघडून त्यांना आत खुर्चीत बसवलं. पेलाभर पाण्यात पाच चमचे साखर ढवळली आणि घोट घोट पाजली.

पंधरा मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "साखर होती हो माझ्या घरात," त्या म्हणाल्या, "पण वाटलं, आता येतीलच तुम्ही. वर गेले आणि चुकामूक झाली तर?"

मी त्यांना तिथेच जेवू घातलं. डॉक्टरांना फोन करून पुढचं विचारून घेतलं. त्या वर निघाल्या तेव्हा दारात उभं राहून म्हणालो, "बाई, त्या लाल फ्रिजमध्ये काही दोष नाही. तेव्हाही नव्हता. मी खोटं बोललो."

का, असं त्या विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होतो. त्यांनी विचारलं नाही.

"मग उद्या आणू या?" त्या म्हणाल्या.

"आणू या."

दुसऱ्या दिवशी फ्रिज आला. टेम्पोत आडवा करून आणला होता म्हणून चार तास नुसता उभा ठेवायला लावला. मग पायांचे आटे फिरवून तो समतोल केला, वर पाण्याने भरलेली वाटी ठेवून खात्री केली, आणि प्रत्येक पायाचा नट पान्याने आवळला. नट सैल सोडून मी आजवर कुणाच्या घरातून निघालो नाही. शेवटी माझ्या फ्रिजच्या दारातली कुपी वर नेऊन त्यांच्या फ्रिजच्या दारात ठेवली. बाई म्हणाल्या, "सुटलात बाबा एकदाचे." मी हसलो. खाली आल्यावर दुसऱ्या कप्प्यातला कागद मात्र काढवला नाही.

मग साडेसात वाजायला लागले. दिवसातून दोनदा वाजायचे आणि घंटा वाजायची नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. दाढी पुन्हा एक दिवसाआड. बाई कधी जिन्यात भेटल्या की "फ्रिज कसाय?" म्हणून विचारायचो. "अगदी छान," असं उत्तर यायचं, आणि त्या वर जायच्या, मी खाली. आयुष्यभर गिऱ्हाइकाची तक्रार येऊ नये म्हणून धडपडलो. आता एका तक्रारीसाठी तरसत होतो, आणि त्या मेल्या स्वस्त फ्रिजला काही होईना. मी एकटा होतो हे मला सहा वर्षं ठाऊक होतं. पण त्या पाच आठवड्यांत ते जेवढं लागलं तेवढं आधी कधी लागलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी घंटा वाजली. एकदाच. मी घड्याळ बघितलं नाही.

"मिस्त्री, तो फ्रिज खडखडतोय," बाई म्हणाल्या. "येता का जरा?"

मी पिशवी घेऊन वर गेलो. फ्रिज खरंच खडखडत होता, कारण तो एका अंगाला कलला होता. वाकून टॉर्च मारला. पुढच्या डाव्या पायाचा नट पार खालपर्यंत उतरला होता. मी पान्याने आवळलेला नट. तो आपोआप उतरत नाही. दहा वर्षांत उतरत नाही. त्याच्या कडांवर पकडीच्या दातांचे ताजे ओरखडे होते. अडाणी हाताने बरीच झटापट केलेली दिसत होती. ओट्यावर बरण्यांच्या मागे पकडीची लाल मूठ डोकावत होती.

मी वर बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती.

"काय झालंय?" त्यांनी खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"स्वस्त कंपनी," मी म्हणालो. "यांचे नट असेच. टिकत नाहीत."

"मग पुन्हा होईल म्हणता?"

"होणारच. दर आठवड्याला बघावं लागेल."

"दर आठवड्याला," बाई म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या. दोन कपांचं.

मी पाय समतोल केला. पाण्याची वाटी ठेवून बघितली. मग पाना पिशवीत टाकला आणि तो नट, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, तसाच सैल सोडला.